नळी धरणाऱ्याच्या मागे कोण उभं असतं? अग्निशमन दलाच्या न दिसणाऱ्या शाखा

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा, आवडलं तर घरच्या ग्रुपवर टाका.)

 

आज एक साधा प्रश्न घेऊन सुरुवात करू. अग्निशमन दल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लाल गाडी, घंटा, हेल्मेट घातलेला माणूस आणि त्याच्या हातातली नळी. बरोबर? चित्र खरंच आहे. पण त्या नळीतून पाणी यायला, तो माणूस योग्य जागी पोचायला आणि धुरातून जिवंत बाहेर यायला मागे पाच-सहा वेगवेगळी कामं चालू असतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरात या प्रत्येक कामाला वेगळी शाखा आहे, वेगळी गाडी आहे, वेगळं प्रशिक्षण घेतलेली माणसं आहेत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात महापालिका नाही. नगरपरिषदा आहेत, नगरपंचायती आहेत. म्हणजे तिथे जे काम पाच शाखा करतात, ते इथे एका गाडीवरच्या चार-पाच जणांना करावं लागतं.

आजचा भाग याच्यावरच आहे. मोठ्या शहराचं दल आतून कसं चालतं, आणि त्यातलं काय आपल्याकडे असायला हवं.

१ जुलै २०२३, पिंपळखुटा

ही तारीख आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते. २५ जणांचा होरपळून मृत्यू झाला. ८ जण वाचले. बस डाव्या कुशीवर पडली होती, म्हणजे दरवाजा खाली दबला होता. वाचलेले काचा फोडून बाहेर आले. मृतांपैकी बहुतेकांची ओळख पटणंही शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले.

आज मी चूक कुणाची, या वादात जात नाही. फक्त एवढं बघू की अशा एका घटनेत किती वेगवेगळी कामं एकाच वेळी लागतात. कुणीतरी फोन उचलून नेमकी जागा समजून घ्यायची. डिझेलच्या आगीवर फोम टाकायचा, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. ते पाण्यावर तरंगतं आणि पाण्यासोबत पसरतं. पत्रा कापायचा. रात्रीचा अंधार, म्हणजे उजेडाची सोय करायची. धुरात शिरणाऱ्याला श्वासाची हवा द्यायची. जखमींना बाहेर काढून ॲम्ब्युलन्सकडे सोपवायचं. आणि नंतर आग कशामुळे लागली याचे पुरावे जपायचे.

सात कामं झाली. यातलं नळी धरण्याचं काम एकच. बाकी सहा कोण करतं?

पहिली शाखा: जो फक्त फोन उचलतो

मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय भायखळ्याला आहे. तिथल्या नियंत्रण कक्षातला माणूस आगीच्या जवळही जात नाही. तरी पहिला निर्णय त्याचाच असतो. कुठल्या केंद्रातून गाडी निघेल, एक निघेल की चार, शिडीची गाडी लागेल का, हे तो ठरवतो. तिथे आगीचे दर्जे ठरलेले आहेत. तुम्ही बातम्यांत 'लेव्हल टू', 'लेव्हल थ्री' ऐकता ना, ते हेच. दर्जा वाढला की आजूबाजूच्या केंद्रांतून जादा गाड्या आणि वरचे अधिकारी ठरल्याप्रमाणे निघतात. घटनास्थळावरच्या माणसाला एकेक गाडी मागत बसावं लागत नाही.

आता आपल्याकडे या. छोट्या गावात फोन उचलणारा आणि गाडीवर चढणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो. तो निघाला की मागे पुढचा फोन कोण घेणार?

आणि समृद्धीवर तर जागा नीट कळणं हाच अर्धा खेळ आहे. हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे. चढायचं ते फक्त इंटरचेंजवरून. गाडी चुकीच्या दिशेने चढली तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत वळता येत नाही. म्हणून "सिंदखेडराजाच्या थोडं पुढं" असं सांगणं पुरत नाही. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो, तो सांगायचा. आणि आपण नागपूरकडून मुंबईकडे चाललोय की मुंबईकडून नागपूरकडे, हे सांगायचं. या दोन गोष्टींनी दहा-पंधरा मिनिटं वाचू शकतात.

नंबर माहीत आहेत ना? अग्निशमन १०१, ॲम्ब्युलन्स १०८, आणि काहीच सुचलं नाही तर ११२.

दुसरी शाखा: पाणी, नळ्या आणि गॅरेज

आता थोडं गणित करू. घाबरू नका, तोंडी करता येतं.

एका साधारण अग्निशमन गाडीत साडेचार हजार लिटर पाणी मावतं. एका नळीतून जोरात पाणी सोडलं तर मिनिटाला साधारण साडेचारशे लिटर जातं. म्हणजे किती वेळ पुरलं? दहा मिनिटं. दोन नळ्या लावल्या तर पाच मिनिटं. बस्स.

मग लोक म्हणतात, "गाडी आली, पाच मिनिटांत पाणी संपलं आणि निघून गेली." ती पळून गेलेली नसते, पाणी भरायला गेलेली असते. म्हणून मोठ्या शहरात पहिल्या गाडीच्या मागोमाग मोठे टँकर येतात आणि एक टँकर रिकामा होताना दुसरा रांगेत उभा असतो. पाणी कुठून भरायचं, कुठला हायड्रंट चालू आहे, कुठल्या विहिरीवर पंप लावता येतो, याची यादी आधी तयार असते. हे पुरवठ्याचं काम. दिसत नाही, पण ते थांबलं की पुढची नळी कोरडी.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. घाट! घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव. शेजारच्या गावाची गाडी मदतीला बोलवायची तर कधी राजूर घाट, कधी बोथ्याचा घाट. साडेचार हजार लिटर पाणी म्हणजे साडेचार टन वजन. वळणावर ते पाणी टाकीत एका बाजूला लोटलं तर गाडी उलटू शकते. म्हणून टाकीच्या आत आडव्या पत्र्याच्या भिंती घातलेल्या असतात, पाण्याला एकदम धाव घेता येऊ नये म्हणून. अशी गाडी चालवणं हे वेगळं कसब आहे. त्यात तोच माणूस पोचल्यावर पंपही चालवतो. म्हणूनच त्याला नुसतं ड्रायव्हर म्हणत नाहीत, वाहनचालक-यंत्रचालक म्हणतात.

जुन्या अग्निशमन केंद्रात एक उंच मनोरा दिसतो. कशासाठी असेल? पुष्कळांना वाटतं टेहळणीसाठी. कधीकाळी तसा उपयोग होतही होता. पण रोजचा उपयोग साधा आहे. ओल्या नळ्या लटकवून वाळवायला! पंधरा-तीस मीटरची नळी ओली गुंडाळून ठेवली की कुजते आणि पुढच्या आगीत दाबाखाली फुटते. आग विझवून आल्यावर थकलेल्या माणसांनी नळ्या धुवायच्या, वाळवायच्या, तपासायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. हे काम झाल्याशिवाय त्यांची पाळी संपत नाही.

आणि गॅरेज. फायरची गाडी महिनाभर उभी राहून एका मिनिटात निघाली पाहिजे. बॅटरी, टायर, ब्रेकचा हवेचा दाब, पंप, सगळं रोज बघावं लागतं. मोठ्या दलाचं स्वतःचं वर्कशॉप असतं. छोट्या गावात गाडी दुरुस्तीला बाहेर पाठवली तर तेवढे दिवस त्या गावाला गाडी नसते.

तिसरी शाखा: हवा मोजणारे

आगीत माणसं जळून मरतात असं आपण म्हणतो. बऱ्याचदा त्याआधी धूर मारतो.

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा रुग्णालय, नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. रात्री आग लागली तेव्हा आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. अशा खोलीत शिरायचं तर नाकाला ओला रुमाल बांधून भागत नाही. पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडावर पूर्ण मास्क लागतो. त्याला बीए सेट म्हणतात.

पुन्हा गणित. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० पट दाबाने हवा भरली की झाली साधारण १,८०० लिटर. धावपळ करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर हवा ओढतो. म्हणजे ४५ मिनिटं. पण बाहेर यायलाही हवा लागते, म्हणून शेवटचा हिस्सा राखून ठेवायचा. दाब ठरलेल्या पातळीखाली गेला की सेटमधली शिट्टी वाजायला लागते: परत फिर. घाबरलेला किंवा माणूस उचलून आणणारा जवान याच्या दीडपट हवा ओढतो. मग हातात उरतात पंचवीस-तीस मिनिटं, त्यात जाणं आणि येणं दोन्ही.

म्हणून दाराबाहेर एक माणूस फळा घेऊन उभा असतो. कोण आत गेला, किती वाजता, किती दाबावर, कधी बाहेर यायला हवा. त्याचं काम एवढंच. आग त्याने बघायची नाही, घड्याळ बघायचं. मोठ्या दलात यासाठी वेगळी बीए व्हॅन येते, तिच्यात भरलेली सिलिंडरं, मास्क, हवा भरायचा कॉम्प्रेसर असतो.

चार माणसांच्या गाडीवर हा फळा कोणाच्या हातात द्यायचा? एक पंपावर, दोघं आत, एक नळीवर. बाहेर घड्याळ बघायला माणूस उरतच नाही. मनुष्यबळ कमी असणं म्हणजे काय, ते इथे कळतं. बातमीत तो एक आकडा असतो. जागेवर तो आत गेलेल्या दोघांचा जीव असतो.

मोठ्या दलातही धोका संपत नाही. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली. विझवण्याचं काम चालू असताना इमारत कोसळली. त्या आगीने मुंबई दलाचे चार अधिकारी नेले, त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. म्हणून आग विझवणाऱ्यांव्यतिरिक्त फक्त इमारतीकडे बघणारा, भिंतीला तडा जातोय का हे पाहणारा एक माणूस असावा लागतो.

चौथी शाखा: कापणारे आणि उचलणारे

अपघातात चेपलेल्या गाडीत माणूस अडकला तर ओढून काढायचं नसतं. पाठीचा कणा दुखावला असेल तर ओढल्याने तो कायमचा अधू होतो. आधी गाडी त्याच्या भोवतीने कापून काढायची. त्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारी कात्री असते, पत्रे फाकवणारा जबडा असतो, डॅशबोर्ड मागे ढकलणारा दांडा असतो. ही अवजारं जड आहेत आणि शिकल्याशिवाय चालवता येत नाहीत. आधुनिक गाड्यांमध्ये एअरबॅग असतात, इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये जास्त दाबाच्या बॅटऱ्या. कुठे कापायचं याच्याइतकंच कुठे कापायचं नाही हे माहीत असावं लागतं.

आता विचार करा. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी जाते, घाटाखालून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. आपल्याकडे शंभर मजली इमारती नाहीत, उंच शिडीची गरज कमी. पण कटरची गरज मुंबईपेक्षा कमी आहे का? मला तर वाटतं जास्त आहे.

पाचवी गोष्ट: आपला कापूस

प्रत्येक प्रदेशाची स्वतःची आग असते. आपली आहे कापसाची. खामगावचा कापूस बाजार इतका मोठा होता की १८७० साली जलंब ते खामगाव अशी रेल्वेची छोटी शाखा सुरू झाली. आजही खामगाव, मलकापूर भागात जिनिंग आहेत. कपाशीत लोखंडाचा तुकडा, खिळा आला आणि यंत्रात घासला की ठिणगी. ठिणगी पडली की झालं.

कापसाची आग फसवी असते. वरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे नुसतं पाणी घसरून जातं. दाबून बांधलेल्या १७० किलोच्या गठाणीत ते शिरतच नाही. मग पाण्यात पृष्ठताण कमी करणारं द्रव्य मिसळायचं, गठाणी एकेक करून बाहेर ओढायच्या, फोडायच्या, भिजवायच्या, आणि तरी रात्रभर पहारा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी "पुन्हा आग लागली" अशी बातमी येते ना? बहुतेक वेळा ती पहिलीच आग असते.

याचा आणि देशभर १४ एप्रिलला पाळल्या जाणाऱ्या अग्निशमन सेवा दिनाचा जवळचा संबंध आहे. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गठाणी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. कापूस आतल्या आत धुमसायला लागला. नळ्यांनी भरपूर पाणी मारलं, पण आगीचं मूळ हाती लागेना. दुपारी चारनंतर जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. आपल्या घरामागच्या शेतात पिकतो तोच कापूस. त्याची आग कशी वागते हे माहीत असलेला माणूस गाडीवर असणं, ही आपल्या जिल्ह्याची खरी विशेष शाखा.

तशीच सोयाबीनच्या सुडीची आग, गोठ्याची आग, उन्हाळ्यात ज्ञानगंगा अभयारण्यातला वणवा. वणव्यासाठी वन विभागाची माणसं जाळरेषा काढून ठेवतात, म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून साफ करतात. आग तिथवर आली की तिला खायला काही मिळत नाही.

सहावी शाखा: जिला कुणी टाळ्या वाजवत नाही

सगळ्यात जास्त जीव वाचवणारी शाखा कधी घंटा वाजवत जात नाही. ती कागद घेऊन येते. प्रतिबंधक शाखा.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा आपला कायदा. त्यात इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर जबाबदारी टाकलेली आहे. आग विझवण्याची यंत्रणा बसवायची आणि ती चालू स्थितीत ठेवायची. परवानाधारक संस्थेकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यायचं.

तुम्ही म्हणाल, मला काय त्याचं? तुम्ही अभ्यासिकेत बसता की नाही? स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाता की नाही? २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला इमारतीत वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग पोचली. २२ विद्यार्थी गेले. कित्येकांनी वरून उड्या मारल्या. वय तुमच्याएवढंच.

उद्या तुमच्या अभ्यासिकेत गेलात की तीन गोष्टी बघा. जिना एकच आहे का? त्यावर चपला, खोकी, सायकली आहेत का? मीटरची पेटी जिन्याखालीच आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर मालकाला विचारा, "काका, जुलैचं फॉर्म बी दाखवता का?" भांडायचं नाही, विचारायचं. दहा पोरांनी विचारलं की कागद निघतो.

मग आपल्या जिल्ह्याने काय करायचं?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये कळवा. प्रत्येक नगरपरिषदेला मुंबईसारखी बीए व्हॅन, रेस्क्यू व्हॅन, वर्कशॉप घेणं परवडणार नाही, आणि गरजही नाही. पण जिल्हा म्हणून विचार केला तर परवडतं. घाटावर एक आणि घाटाखाली एक, अशी दोन ठिकाणं पूर्ण साहित्याची. कटर, हवेची सिलिंडरं भरायची सोय, फोमचा साठा, उजेडाचा जनरेटर. कोणाकडे काय आहे याची एक यादी प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर. आणि गाडी दुरुस्तीला गेली तर शेजारच्या गावाची गाडी आपोआप राखीव. शहरी भागात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत मदत पोचावी, असा देशपातळीवरचा मापदंड आहे. नकाशावर वीस मिनिटांची वर्तुळं काढा, कुठली गावं बाहेर राहतात ते लगेच दिसेल.

आणि माणसं. यंत्र घेतलं पण चालवणारा नाही, तर ते कुलपात गंजतं. इथे तुमच्यापैकी काहींसाठी रस्ता आहे. दहावीनंतर राज्य अग्निशमन सेवा संचालनालयाचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम असतो. नागपुरात तर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, देशभरातली मुलं तिथे शिकायला येतात. आपल्याला एका रात्रीच्या प्रवासाचीही गरज नाही. पोलीस भरतीसाठी सकाळी ग्राउंडवर पळणाऱ्यांनी याही भरतीवर लक्ष ठेवा.

जाता जाता, लक्षात ठेवायच्या चार गोष्टी.

एक. फोन केला की आधी जागा सांगा, मग काय पेटलंय ते, मग आत माणसं आहेत का ते. सांगून झाल्यावर लगेच ठेवू नका, पलीकडच्याला विचारू द्या.

दोन. ट्रॅव्हल्समध्ये बसलात की मोबाईल काढायच्या आधी आपत्कालीन खिडकी आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघा. हातोडी जागेवर नसेल तर निघायच्या आधीच विचारा.

तीन. धूर असेल तर खाली वाका, रांगत निघा. चांगली हवा जमिनीजवळ असते.

चार. गाडी आली की व्हिडिओ काढायला पुढे जाऊ नका. रस्ता मोकळा करा आणि त्यांना सांगा, पाणी कुठे भरता येईल. गावातली विहीर, शेततळं, कोणाच्या बोअरला जोरात पाणी आहे, हे तुम्हाला माहीत असतं, त्यांना नसतं.

या चौथ्या गोष्टीत गंमत बघा. पाण्याची जागा दाखवणारा पोरगा त्या दहा मिनिटांपुरता अग्निशमन दलाची पुरवठा शाखाच असतो.

तुमच्या गावात गाडी किती वेळात पोचते? आणि तुमच्या क्लासच्या जिन्याचं काय? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर, जिना मोकळा ठेवा!